डाव्या अंगाचे चरे

संध्याकाळी उतारूंची सर्व्हिस मोटार दुरुस्तीच्या कारखान्यात येऊन उभी राहिली की मी आधी ड्रायव्हरशी बोलत नसे. तो उतरून, तोंड धुऊन चहाला जाईपर्यंत मी गाडीभोवती एक फेरी मारायचो. ब्रेकच्या डब्यांना बोट लावून बघायचो, टायरांवरून तळवा फिरवायचो, खाली वाकून स्प्रिंगांचे पाटे तपासायचो. तेवढ्यात दिवसभराची हकिकत कळायची. ब्रेक चटका बसण्याइतके तापले असले तर हा गडी घाट उतरताना घाबरला. क्लचचा जळका वास आला तर याचा पाय सारखा क्लचवर. पाट्याचं पान तुटलं असेल तर खड्डा आला तेव्हा स्वारी शेजारच्या पॅसेंजरशी गप्पा मारत होती. मग चहा पिऊन आलेला ड्रायव्हर मला काही निराळंच सांगायचा. मी मान डोलवून ऐकून घ्यायचो.

ही गोष्ट सन तीसच्या आगेमागची. रत्नागिरीत मोटारी तेव्हा नव्या होत्या आणि त्यांना बघायला लोक त्या सुटायच्या तिथं, माळनाक्यापर्यंत चालत यायचे. माझे वडील लांज्याला लोहारकाम करायचे. मी मुंबईला एका मोटार गॅरेजात आधी घासलेटनं सुटे भाग धुण्याचं आणि मग ते भाग परत जागच्या जागी बसवण्याचं काम शिकलो. तिथंच दाजीशेठ मला भेटले. रत्नागिरीचे व्यापारी, डोक्याला काळी टोपी, बोलणं तुटक. त्यांनी नुकत्याच जुन्या मोटारी घेतल्या होत्या आणि त्या चालवायला माणसं मिळत होती, पण जिवंत ठेवायला कुणी मिळत नव्हतं. “तू आपल्याकडचाच ना? मग इथं काय करतोस?” एवढंच ते म्हणाले. मी पुढच्या आगबोटीनं परत आलो, तो आजतागायत इथंच आहे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, मोटार दुरुस्त करणं म्हणजे बिघडलं की नीट करणं. आमच्या गाड्या रोजच बिघडलेल्या असायच्या. काम होतं ते त्यांना उद्या सकाळपर्यंत बिघडू न देण्याचं. जांभ्या दगडाच्या रस्त्याची तांबडी धूळ इतकी बारीक असे की ती तेलात मिसळून पॉलिशसारखी लोखंड खायची. समुद्राकडून येणारा खारा वारा पत्र्याला आतून पोखरायचा. लाकडी आऱ्यांची चाकं उन्हाळ्यात सुकून खिळखिळी व्हायची, मग त्यांच्यावर बादल्या ओतून त्यांना फुगवायचं. बसायला जागा असेल त्याच्या दुप्पट माणसं आत, आणि टपावर आंब्याच्या पेट्या, कोंबड्यांचे खुराडे, ओल्या मासळीची गाठोडी. त्या गाठोड्यांचं पाणी ताडपत्रीतून ठिबकून एकदा एका वकिलाच्या नव्या कोटावर पडलं. साहेब थेट कारखान्यात येऊन मला म्हणाले, “मेस्त्री, तुमच्या छताला गळती आहे.” मी म्हटलं, “साहेब, छत बरोबर आहे, वर बोंबील आहेत.”

सुटे भाग मुंबईहून आगबोटीनं यायचे. पावसाळ्यात बंदर बंद झालं की आषाढात जे मोडेल ते आम्हीच घडवायचं. मी जुन्या गलबताच्या पितळेतून बुश कातले आहेत, टाकून दिलेल्या वहाणांच्या चामड्याचे वायसर कापले आहेत, आणि गळक्या रेडिएटरमध्ये अंड्याचा पांढरा बलक ओतून गाडी घाटाच्या पायथ्याच्या साखरप्यापासून घरी आणली आहे. दाजीशेठांना अंडं चालत नसे. त्यांना मी सांगितलं, एक पांढरं औषध आहे.

आता इब्राहिमचाचांबद्दल.

इब्राहिमचाचा खाडीकाठच्या राजिवड्याचे. ड्रायव्हर होण्याआधी ते तांडेल होते, म्हणजे गलबताचे मुख्य नावाडी. मंगलोरपासून कराचीपर्यंत शिडाच्या जहाजावर कौलं, नारळ, मीठ वाहण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. आगबोटी वाढल्या, माल त्यांच्यावर चढायला लागला आणि चाचांचं गलबत एका पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढून ठेवलं ते पुन्हा पाण्यात उतरलं नाही. मग पिकल्या दाढीला ते मोटार चालवायला शिकले. स्टिअरिंगला ते अखेरपर्यंत सुकाणूच म्हणायचे. घाटात वळण घेताना “बाहेरच्या अंगाला वारा हाय” असं काहीतरी पुटपुटायचे. आणि त्यांची गाडी संध्याकाळी आली की मी फेरी मारून रिकाम्या हातानं परत यायचो. ब्रेक थंड, क्लच थंड, पाटे शाबूत. घाट उतरताना ते गाडी खालच्या गिअरात टाकून इंजिनालाच मागं ओढायला लावायचे, ब्रेकवर पाय क्वचित. ड्रायव्हरांना मी सांगायचो, शिकायचं तर त्या म्हाताऱ्याकडून शिका.

आमच्या सगळ्यात जुन्या गाडीची पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली होती. पेट्रोल आपल्या वजनानं इंजिनाकडे वाहत जाई. चढ फार उभा लागला की इंजिन टाकीहून वर जायचं आणि पेट्रोल पोचेनासं व्हायचं. मग गाडी फक्त उलटी चढू शकायची. आंबा घाटातल्या अवघड चढाला चाचा गाडी वळवून घ्यायचे, तोंड रत्नागिरीकडे, पाठ कोल्हापूरकडे, आणि मान मागं करून तसेच रिव्हर्समध्ये वर. माणसं उतरून चालायची, म्हाताऱ्याकोताऱ्या आत बसून राहायच्या. एकदा मी बरोबर होतो. पालीची एक आजी घाबरून म्हणाली, “अरे, माझी लेक कोल्हापुरास. तू मला परत कुठं घेऊन चाललास?”

चाचा मागं बघत बघतच म्हणाले, “आजी, तोंड लेकीच्या म्हायेराकडं ठेवा. पाय सासरी पोचतायत.”

आजी हसली ती घाट संपेपर्यंत हसत होती.

अशा माणसाच्या गाडीच्या डाव्या मडगार्डवर एका उन्हाळ्यात मला पहिला चरा दिसला.

मी विचारलं तर म्हणाले, नाणीजजवळ बैलगाडी आडवी आली. येते. मी ठोकून सरळ केला, रंग लावला. थोड्या दिवसांनी त्याच बाजूला पायरीची कड वाकलेली. “दगूड व्हता,” चाचा म्हणाले. मग डाव्या मागच्या टायरच्या कुशीत जांभ्या दगडानं घासल्याची तांबडी रेघ. मी काही विचारलं नाही. टायरचा मधला भाग झिजतो तो रस्त्यानं, कूस घासते ती ड्रायव्हरनं. आणि ही रेघ एका धक्क्याची नव्हती. घाटातल्या डोंगराच्या अंगाला गाडी पुनःपुन्हा थोडीथोडी लागत होती.

त्या रेघेवर मी बोट ठेवून बराच वेळ उकिडवा बसलो होतो. घाटात एका वाटेला डोंगर डाव्या हाताला असतो. परतीच्या वाटेला त्याच हाताला दरी असते. डोंगराला घासलं की मडगार्डवर चरा उमटतो. दरी चरा उमटवत नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी निघायच्या आधी मी कार्बोरेटर लावायच्या निमित्तानं चाचांना स्टिअरिंगवर बसवलं, इंजिन चालू ठेवायला सांगितलं. थोडं पुढं-मागं करून मी त्यांच्या डाव्या हाताला, शेजारच्या सीटवर जाऊन बसलो. दोघंही समोर बघत होतो. मी हातातला पाना हळूच त्यांच्या डाव्या खांद्याच्या पुढं धरला. आपल्याला समोर बघतानाही बाजूनं काही आलं की कळतं, मान आपोआप वळते. चाचांची मान वळली नाही. मी पाना आणखी पुढं नेला. ते आपले इंजिनाचा आवाज ऐकत होते, ओठांनी ताल धरून.

“चाचा, पाना घ्या.”

त्यांनी उजवीकडं बघितलं. मग समोर. मग पूर्ण मान फिरवून माझ्याकडं. पाना अगदी दाढीला लागायला आला होता.

त्यांनी इंजिन बंद केलं. आजूबाजूला कुणी आहे का ते बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, “कुणाला बोललास?”

“कुणाला नाही. कधीपासून?”

“पावसापासून. आधी धुका वाटला. मी म्हटला, जाईल.” मग एकदम चिडून, “तांडेल डोळ्यानं जहाज हाकतो होय रे? अंधारात, धुक्यात, मी बंदरात शिरलोय. पाण्याचा आवाज ऐकून.”

“रस्त्याला पाण्याचा आवाज नसतो, चाचा.”

“मला सगळा घाट पाठ हाय. एकेक दगूड.”

“दगड पाठ असतील. समोरून येणारी बैलगाडी कशी पाठ असेल? डाव्या अंगानं गुरं राखणारी पोरं येतात, ती?”

ते स्टिअरिंगच्या लाकडी कड्यावरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले ते मला अजून ऐकू येतं. “मेस्त्री, समुद्रानं मला एकदा उतरवलंन. आता तू उतरवतंस?”

त्या दिवशी गाडी गेली. मी शेजारी बसून गेलो, ब्रेक बघायचेत असं शेठना सांगून. डाव्या बाजूनं काही आलं की मी नुसतं खोकायचो. चाचांना कळायचं, ते गाडी सावरायचे. पॅसेंजरांपैकी एकानं मला घशासाठी ज्येष्ठमध दिला. गाडी सुखरूप गेली, सुखरूप आली, आणि मला खात्री पटली की हे उद्या चालणार नाही.

रविवारी मी राजिवड्याला त्यांच्या घरी गेलो. चाचा नमाजाला गेले होते. चाची दाराच्या आत बसून जाळं विणत होत्या. त्यांनी मला ओटीवर बसवलं, चहा दिला. मी कसं बोलावं याची जुळवाजुळव करत होतो, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, “डोळ्यासाठी आलास ना?”

मी कपबशी खाली ठेवली.

“हल्ली माझ्या डाव्या अंगाला बसतात. आधी उजव्या अंगाला बसत. मी इचारला न्हाय. पान वाढला तर डाव्या बाजूची भाकरी तशीच ऱ्हाते. ती मी सरकवून समोर ठेवतंय.” जाळ्याची गाठ मारून त्यांनी दातांनी दोरा तोडला. “मी सांगितला तर ऐकायचे न्हाईत. शेठनं सांगितला तर मरून जातील. तू काय तो बघ.”

मी काय बघणार होतो? माझ्या हातात माणूस नव्हता, गाडी होती.

सोमवारी सकाळी मी चाचांची गाडी जॅकवर चढवली. मागची चाकं काढली आणि गिअरबॉक्स उतरवून फडक्यावर मांडला. चाचा आले, बघितलं, आणि त्यांना तत्काळ कळलं. ते आल्या पावली मागं फिरले.

दिवस आंब्याचे. माळनाक्यावर पेट्यांची रास लागलेली, बागायतदार सकाळपासून येऊन उभे, आणि आंबा कुणासाठी थांबत नाही. दाजीशेठ दुपारी आले.

“काय झालंय?”

“गिअरबॉक्समध्ये आवाज आहे, शेठ.”

“परवा तर चांगली चालली होती.”

“आवाज आतला आहे. घाटात दगा देईल.”

हे बोलताना मी शेठच्या डोळ्यांकडे बघितलं नाही, तरी त्यातला एक शब्दही मला खोटा वाटत नव्हता. गाडी घाटात दगा देणारच होती. कशामुळे, तेवढं मी बोललो नाही. शेठ निघून गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, तिसऱ्या दिवशीही. मी गिअरबॉक्सचे दात घासलेटनं धुवायचो, पुसायचो, पुन्हा धुवायचो. बाकीचे ड्रायव्हर आधी नुसते बघायचे, मग हसायला लागले. मेस्त्रीला गाडी दुरुस्त करता येईना, असं चहाच्या दुकानात बोलणं सुरू झालं. ज्या गावात माझं नाव फक्त माझ्या हातामुळे होतं, तिथं ते ऐकून घेणं सोपं नव्हतं. वडील लांज्याहून बाजाराला आले होते, त्यांच्याही कानावर गेलं. त्यांनी कारखान्यात येऊन त्या उघड्या गिअरबॉक्सकडं बघितलं. त्यांना मोटारीतलं कळत नसे, पण लोखंड कळत होतं. दातांवरून नख फिरवून म्हणाले, “यात तर काहीच झालेलं नाही रे.”

“नाही,” मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, पिशवी उचलली आणि गेले.

आणि मग चाचांनीच घाव घातला. शेठ उभे होते, ड्रायव्हर उभे होते, दोन बागायतदार होते. चाचा मोठ्यानं म्हणाले, “शेठ, या मेस्त्रीला जमत न्हाय तर दुसरा बघा. माझी गाडी त्यानं उगाच फोडून ठेवलीन.”

मी त्यांच्याकडं बघितलं. ते माझ्याकडं बघत होते की नाही कळेना, कारण मी त्यांच्या डाव्या अंगाला होतो. माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं. एक वाक्य बोललो असतो तर माझा हात पुन्हा खरा ठरला असता आणि तो माणूस चारचौघांत आंधळा. मी फडकं पिळलं आणि दात पुसत राहिलो.

शेठ म्हणाले, “मेस्त्री, उद्या सकाळी गाडी उभी राहिली नाही तर मी कोल्हापूरहून माणूस आणतो. आणि मग तो इथंच राहील. समजलास?”

“समजलो, शेठ.”

सगळे पांगले. चाचा जरा वेळ तिथंच घुटमळले, वाटलं काही बोलतील. पण गेले. मी हातपाय धुतले, आणि खरं सांगायचं तर माझी हत्यारं कुठली, शेठची कुठली, ते वेगळं करायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठ आले, त्यांच्यामागून चाचा. अंगात धुतलेला सदरा, डोक्याला ठेवणीतली टोपी. गाडी तशीच जॅकवर. शेठनी तोंड उघडायच्या आत चाचांनी पुढं होऊन मडगार्डवर हात ठेवला.

“शेठ, गाडी ठीक हाय. गाडीत काय पण बिघाड न्हाय. बिघाड माझ्यात हाय.” आणि डाव्या डोळ्यावर बोट ठेवून, “हा गेला. मेस्त्रीला म्हायती व्हता. त्यानं शिव्या खाल्ल्यान, पन बोलला न्हाय. मी रातभर पडून व्हतो. म्हटला, या पोराला कोल्हापूरचा मानूस येऊन उठवणार, आन् मी गाडी घाटात घालणार. मग ऱ्हायला काय?”

दाजीशेठांनी टोपी काढली. मी त्यांना उघड्या डोक्यानं तेव्हा पहिल्यांदा बघितलं. ते जॅकजवळच्या पेटीवर बसले आणि त्या गिअरबॉक्सकडं बोट केलं.

“हे परत बसवायला किती वेळ?” त्यांनी मला विचारलं.

“जेवणाआधी होईल.”

“बसव. माल घेऊन तू जा. चाचा-चाचींना बरोबर घे.”

“मी?” चाचा म्हणाले.

“कोल्हापुरापर्यंत मोटार, पुढं मिरजेला आगगाडी. तिथल्या इस्पितळात डोळे उघडून देतात म्हणतात. जा आणि उघडून घ्या.” मग उठता उठता, दुसरीकडं बघत, “मला सांगायला काय झालं होतं तुम्हा दोघांना? मी काय वाघ आहे?”

 शेठ वाघच होते, पण ते त्या दिवशी सांगायची वेळ नव्हती.

गिअरबॉक्स मी बसवला, आणि चाचांनी नट एकेक करून माझ्या हातात दिले. मागितलेली माफी नव्हती, दिलेलीही नव्हती. मधेच ते म्हणाले, “काल लय बोललो.” मी म्हटलं, “दहा नंबरचा पाना द्या.” त्यांनी बरोबर दहाच नंबरचा दिला, बोटांनी चाचपून.

पुढचं थोडं आधीच सांगून टाकतो. मिरजेला मोतीबिंदू निघाला आणि तो काढला. नंतर जाड भिंगाचा चष्मा आला. चाचांना त्यातून दिसायला लागलं, पण सगळं जवळ आणि मोठं. “शेठचा नाक केवढा हाय, आज कळला,” असं ते शेठच्याच तोंडावर म्हणाले. माणसं भरलेली गाडी त्यांनी पुन्हा चालवली नाही, आणि कुणी त्यांना नको म्हणायचीही गरज पडली नाही. ते माळनाक्यावर उभे राहून टपावरचा माल लावून घ्यायला लागले. गलबतात माल कसा भरायचा, कुठलं वजन तळाला, कुठलं मधे, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी लावलेल्या गाडीचा तोल घाटात हलत नसे, आणि माझे पाटे मोडायचे निम्म्यानं कमी झाले. कुणी उलटसुलट गाठोडी टाकली तर ते वरून ओरडायचे, “ह्याला घेऊन बुडायचा हाय काय?” त्यांनी नव्या ड्रायव्हरांना घाट शिकवला. पहिल्या फेरीला शेजारी बसायचे, डोळे मिटून, आणि नुसत्या इंजिनाच्या आवाजावर सांगायचे की आता पाय काढ, आता दाब. पुढं कितीतरी वर्षं रत्नागिरीच्या घाटातले चांगले ड्रायव्हर कोण असं विचारलं की जी नावं यायची ती सगळी त्यांच्या हाताखालची.

पण मला सांगायचंय ते त्यांना मिरजेहून आणलं त्या दिवसाचं.

मी माल पोचवून कोल्हापूरच्या स्टेशनवर उभा होतो. आगगाडीतून चाचा उतरले ते एका हातानं चाचींचा हात धरून. डाव्या डोळ्यावर हिरव्या कापडाची पट्टी, दुसऱ्या डोळ्यावरही उजेड लागू नये म्हणून सावली केलेली. दाढी वाढलेली. माझा आवाज ऐकून म्हणाले, “गाडी कुठली आणलीस?”

“तुमचीच.”

“हां,” एवढंच.

चाचींना मी मागं बायकांच्या जागेवर बसवलं आणि चाचांना पुढं, माझ्या शेजारी. त्या गाडीत त्या सीटवर ते कधी बसले नव्हते. बसल्यावर त्यांनी हात पुढं केला, तिथं स्टिअरिंग नव्हतं. हात तसाच मांडीवर आला.

मी मेस्त्री आहे, ड्रायव्हर नाही. गाडी मी कारखान्याच्या आवारात, आणि गरज पडली तर सडकेला चालवायचो. जाताना मोकळ्या रस्त्यानं सावकाश वर चढलो होतो. आता उतरायचं होतं, भरल्या गाडीनं, आणि शेजारी तो माणूस. मलकापूरपर्यंत चाचा बोलत राहिले. “उजव्या अंगाला घे. खड्डा हाय तिथं.” खड्डा खरोखर असायचा. “गाडी ओढतेय कशाला? तिला चालू दे.” “शिंग वाजव, पूल आला.” मागची माणसं हसायला लागली होती. डोळ्याला पट्टी बांधलेला म्हातारा रस्ता सांगतोय आणि डोळस मेस्त्री ऐकतोय, असा तो देखावा.

आंबा गावात आम्ही पाणी प्यालो. तिथून घाट सुरू होतो. मी गाडी खालच्या गिअरात टाकली, आणि चाचांसारखं ब्रेकवरचा पाय उचलून इंजिनाच्या जोरावर तिला खाली सोडली. डाव्या हाताला दरी होती की उजव्या, ते मी आज सांगू शकणार नाही. मला फक्त समोरचा हातभर रस्ता दिसत होता. पहिल्या वळणाला चाचा म्हणाले, “आता.” दुसऱ्या वळणाला, “आता.” तिसऱ्याला मी आवाजाची वाट बघत होतो, तो आलाच नाही. मी माझ्याच अंदाजानं वळवली. पुढच्याही वळणाला काही नाही. मला वाटलं रागावले, काहीतरी चुकलं असावं. त्यांच्याकडं बघायची हिंमत नव्हती, डोळे रस्त्यावरून काढायचे नव्हते.

जरा सरळ तुकडा आला तेव्हा मी वळून पाहिलं. चाचांची मान खिडकीच्या दांडीला टेकलेली, तोंड थोडं उघडं, दोन्ही हात मांडीवर उताणे. ते गाढ झोपले होते. मागून चाचींनी मला बोट ओठावर ठेवून खूण केली. घाटभर कुणी एक शब्द बोललं नाही. कोंबडीवाल्यानंसुद्धा खुराड्यावर टॉवेल टाकला.

साखरप्याला चहासाठी थांबलो तेव्हा हँडब्रेकच्या आवाजानं ते जागे झाले.

“काय झाला? थांबलास कशाला?”

“साखरपा आला, चाचा.”

“घाट?”

“उतरलो.”

 खाली सडकेवर पोरांचा गलका, कढईत भजी पडल्याचा आवाज. त्यांनी हात पुढं करून गाडीच्या फळीवर थापटलं, आणि मग माझा खांदा शोधून त्याच्यावर तसंच थापटलं.

“या घाटात मी कधी झोपलो न्हाय रे,” ते म्हणाले. “ना मोटारीत, ना बैलगाडीत.” मग पाय खाली सोडत, “चा सांग. आन् लौकर चल. पुढं रस्ता सरळ हाय, मी परत झोपतंय.”